सी-टू रेषेचा रुंद पाया: कृष्णविवराने ढकललेला वायू, की वजाबाकीतली चूक?

छत्रीबाग (इंदूर)
नमस्कार मंडळी. एमएससीच्या प्रकल्पासाठी अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याच्या खुल्या संग्रहातला रेडशिफ्ट ६.२ च्या (म्हणजे फार दूरच्या) क्वेसारचा, कृष्णविवरामुळे झळाळणाऱ्या दीर्घिका-केंद्राचा, डेटा घेतला आहे. आयनित कार्बनची (सी-टू) १५८ मायक्रॉनची रेषा २६४ गिगाहर्ट्झला येते. मधला सुळका ४०० किमी/से रुंद आहे, पण दोन्ही बाजूंना ९०० पर्यंत पसरट पाया दिसतो, उंची पाव मिलिजान्स्कीच्या (रेडिओ तेजाचं एकक) आसपास. कंटिन्युअम, म्हणजे रेषेखालचा धुळीचा सलग प्रकाश, २ मिलिजान्स्की. तो कासा या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या यूव्हीकॉन्टसबने वजा केला: रेषेची विंडो (वारंवारतेचा पट्टा) वगळून उरलेल्या तिन्ही एकत्र, फिटऑर्डर ०, म्हणजे सपाट रेषा. हा बाहेर फेकला जाणारा वायू म्हणून लिहू का?

सिमरोल_वळण
इतक्यात लिहू नका. गोम त्या शून्यात आहे.

या टप्प्यात धुळीचा प्रकाश वारंवारतेच्या साधारण तिसऱ्या ते साडेतिसऱ्या घाताने चढतो. तुमच्या दोन विंडो खालच्या साइडबँडमध्ये (एकदम टिपल्या जाणाऱ्या दोन वारंवारता-गटांपैकी खालच्या गटात), म्हणजे जवळजवळ १५ गिगाहर्ट्झ खाली आहेत. तिथे २ चे १.६५ च होतात. तिन्हींची सपाट सरासरी येते १.७५ च्या आसपास. रेषेखालून तेवढंच वजा झालं, पाव मिलिजान्स्की शिल्लक राहिलं, आणि ते सगळ्या विंडोभर पसरलं. तुमच्या पायाची उंची नेमकी तेवढीच आहे!

फिटऑर्डर १ (तिरकी रेषा) करून पाहा. मग फक्त शेजारची, त्याच साइडबँडमधली विंडो घेऊन पाहा. तिथे फरक दोन-अडीच टक्क्यांचाच पडतो. तिसरी रीत मला सर्वांत भरवशाची वाटते: वजाबाकी न करता क्यूब (प्रत्येक वारंवारतेच्या प्रतिमांचा संच) बनवा आणि वर्णपटावर गॉसियन (घंटेच्या आकाराची रेषा) व उतरता कंटिन्युअम एकदमच बसवा. टीक्लीनला (कासातली प्रतिमा बनवण्याची आज्ञा) वेळ लागेल, तोवर पोहे-जलेबी उरकून या.

उलटी चूकही होते. १.८७५ गिगाहर्ट्झची विंडो इथे फक्त २१३० किमी/से भरते. पाया खरोखर ±९०० चा असेल, तर कडेला दीडेकशे किमी/से उरतात. त्याच विंडोच्या कडांवर कंटिन्युअम बसवला, की खरा पायासुद्धा गिळला जातो.

राजवाडा_५२
यात भलेभले अडकले आहेत. जे११४८+५२५१ या रेडशिफ्ट ६.४ च्या क्वेसारमध्ये २०१२ साली प्लॅटो द ब्युरच्या दुर्बिणींनी असाच रुंद पाया दिसला आणि जोरदार झोताचं उदाहरण म्हणून तो गाजला. २०२२ मध्ये नोएमाच्या (त्याच दुर्बिणींचं वाढवलेलं रूप) जास्त रुंद बँडच्या निरीक्षणांत तो सापडला नाही.

आणखी एक. प्रतिमा साफ करताना (क्लीन) उरलेला अवशेष डर्टी बीमच्या, म्हणजे दुर्बिणींच्या कच्च्या ठशाच्या, एककात असतो; मॉडेल क्लीन बीमच्या, म्हणजे नीटस केलेल्या ठशाच्या. मोठ्या वर्तुळात बेरीज केली की फिकट, पसरट भागाचं तेज फुगतं. मास्कमध्ये (निवडलेल्या भागात) दोन सिग्मापर्यंत, म्हणजे गोंगाटाच्या दुपटीपर्यंत, क्लीन करा, अवशेषाला दोन बीमच्या क्षेत्रफळांच्या गुणोत्तराने गुणा, मगच बेरीज घ्या. वर्तुळही अवाजवी मोठं नको. इथे १ कंससेकंद म्हणजे साडेपाच किलोपार्सेकहून जास्त.

छत्रीबाग (इंदूर)
फिटऑर्डर १ ने पाया ०.०५ वर आला. त्याच ±९०० पट्ट्यातला गोंगाट ०.०८ आहे. मग प्रकल्पात लिहू काय?

सिमरोल_वळण
तीन सिग्माची वरची मर्यादा: ०.२४ मिलिजान्स्की. ती कोणत्या रुंदीसाठी काढली तेही लिहा, त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

सुळक्यातून वस्तुमान काढता येईल. वर्तुळाकार वेग २०० किमी/से आणि त्रिज्या २ किलोपार्सेक धरली, तर वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या भागिले जी (गुरुत्व स्थिरांक), म्हणजे १.९ × १०^१० सौरवस्तुमानं. फिरत्या वायूच्या तबकडीचा कल माहीत नसेल तर हा आकडा सहज दुप्पट होतो. ३० अंशांच्या कलाला तर चौपट. बीम तबकडीएवढाच असेल, तर रोटेशनचं मॉडेल बसवायच्या फंदात पडू नका.

राजवाडा_५२
सी-टूत झोत नाही म्हणजे झोतच नाही, असं मात्र लिहू नका. तप्त, आयनित वायू ऑक्सिजनच्या ५००७ अँगस्ट्रॉमच्या रेषेत पाहतात. तुमच्या रेडशिफ्टला ती ३.६ मायक्रॉनवर, वेब अवकाश दुर्बिणीच्या निअरस्पेक वर्णपटमापकाच्या आवाक्यात येते. मास्ट या वेबच्या डेटा-संग्रहात हाच क्वेसार शोधा.