लाकडी जमिनीखालच्या निगेटिव्ह

चिनी छायाचित्रकार ली झेनशेंग सरकारी वर्तमानपत्राचा नोकर, म्हणजे त्याचे फोटो प्रचारकीच, असं काही जण म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. ईशान्य चीनमधल्या हार्बिनच्या ‘हेलोंगजियांग डेली’त तो होताच, आणि माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६–७६) दंडावर क्रांतिसमर्थकाची लाल पट्टी नसेल तर कॅमेरा बाहेर काढायची सोय नव्हती. पण त्याच पट्टीच्या जोरावर त्याने १९६६ साली भर सभेत प्रांताचे गव्हर्नर ली फानवू यांचे केस त्यांचा अपमान करायला कापले जात असताना टिपले. खाली घातलेली मान, मागे उसळलेली गर्दी. बघवत नाही. असल्या हजारो निगेटिव्ह त्याने घरातली लाकडी जमीन करवतीने कापून खाली दडवल्या. बायको खिडकीशी पहाऱ्याला. सापडला असता तर? १९६९ मध्ये त्याला मजुरीला धाडलं, तरी त्या वाचल्या. त्यातले काही फोटो १९८८ मध्ये बीजिंगमध्ये लोकांनी पाहिले.