दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी चार तासही का पुरत नाही?

प्रश्न (यावल)
नमस्कार. आमच्याकडे 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची नवी ट्यूब्युलर बॅटरी आहे. रात्री लाइट गेली की 75 वॉटचे तीन पंखे, 9 वॉटचे पाच दिवे आणि 10 वॉटचा राउटर, असा 280 वॉटचा भार तिच्यावर येतो. 12 गुणिले 150 म्हणजे 1800 वॉट-अवर. त्याला 280 ने भागल्यास सुमारे साडेसहा तास येतात, पण प्रत्यक्षात चार तासही मिळत नाहीत. घरात वृद्ध आईवडील आहेत आणि मे महिन्यात पंख्याविना रात्र निघत नाही. दुसरी बॅटरी घ्यावी का?

उत्तर (अमळनेर)
भाऊ, बॅटरीत दोष दिसत नाही. तिच्यावर सी-20 लिहिले आहे का, ते पाहावे. तसे असेल, तर 150 हा आकडा 20 तास सावकाश, म्हणजे 7.5 अँपिअरने वापरल्यास मिळणारा आहे. इन्व्हर्टरची कार्यक्षमता 80 टक्के धरली, तर 280 वॉटसाठी बॅटरीतून 350 वॉट, म्हणजे सुमारे 29 अँपिअर ओढले जातात. इतक्या प्रवाहाला प्लेटच्या आतल्या छिद्रांत आम्ल तेवढ्या वेगाने पोहोचत नाही, त्यामुळे हाती येणारी क्षमता घटते; पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्ये हाच संबंध सूत्रात मांडला. ढोबळ अंदाजाने 110 अँपिअर-अवर धरा: 1320 भागिले 350, म्हणजे पावणेचार तास.

दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 30 वॉटचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या डीसी मोटरचे) पंखे लावल्यास भार 145 वॉटवर येतो आणि प्रवाह 15 अँपिअरवर. प्रवाह निम्मा झाल्याने क्षमताही थोडी वाढते आणि वेळ आठ तासांच्या आसपास जातो.

उत्तर (भुसावळ)
वरील हिशोब योग्य आहे. मात्र रोज पूर्ण रिकामी केल्यास बॅटरीचे आयुष्य घटते, म्हणून 80 टक्के क्षमता वापरून झाली की थांबावे आणि सहा-साडेसहा तासच गृहीत धरावेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत मुळीच ठेवू नये; तापमान 10 अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बॅटरीवर सी-20 असेच छापलेले आहे. पुढे दुसरी बॅटरी घेतलीच, तर समांतर जोडावी ना?

उत्तर (अमळनेर)
होय, इन्व्हर्टर 12 व्होल्टचा असल्यास समांतरच. परंतु दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात.