‘लीनता’ की ‘विनम्रता’?

अक्षरयात्री: ख्रिस्ती संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सातव्या प्रकरणाचे मी मराठी भाषांतर करत आहे. त्यात बारा पायऱ्यांची एक शिडी सांगितली आहे. स्वतःला उंच मानणारा या शिडीवरून खाली येतो आणि स्वतःला खाली ठेवणारा वर चढतो. स्वतःला खाली ठेवण्याच्या या गुणासाठी मी ‘लीनता’ हा शब्द योजला होता, परंतु मजकूर तपासणाऱ्यांनी तो सर्वत्र ‘विनम्रता’ असा बदलला. लीन म्हणजे तल्लीन, त्याचा नम्रतेशी संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. मराठी बायबलमध्ये मात्र मत्तयाच्या अकराव्या अध्यायात ‘मी मनाचा सौम्य व लीन आहे’ असे येशूचे उद्गार आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

जुनीपोथी: आपला ‘लीन’ योग्यच आहे. ‘विनम्र’ हा शब्द संस्कृत असला तरी मराठीत ‘नम्र’ पुरेसा असताना तो उपसर्ग हल्ली हिंदीच्या वळणाने येऊन बसला आहे, आणि मला तो खटकतो. ‘ली’ धातूचा अर्थ चिकटणे, विरघळणे. जो विरघळला त्याला मान उरत नाही, म्हणून लीन म्हणजे नम्र. ‘शालीन’ या शब्दातही हाच ‘लीन’ आहे.

ओवीप्रेमी: ‘शालीन’मध्ये ‘लीन’ नाही. पाणिनीने हा शब्द ‘शाला’पासून साधला आहे आणि त्याचा अर्थ ‘धीट नसलेला’ असा दिला आहे. शब्द कानाला सारखे लागले म्हणून त्यांचे कूळ एक मानू नये. ‘लीन’च्या अर्थाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत आहे, कारण ‘चरणी लीन’ म्हणताना आपण नुसती तल्लीनता सांगत नसतो.

तर्कनिष्ठ: माझी अडचण नेमकी त्या ‘चरणी’पाशी आहे. लीन व्हायला कोणाचे तरी चरण लागतात. मी ईश्वर मानत नाही, पण आपल्याला फार थोडे कळते ही जाणीव मला रोज होते, आणि ती कोणाच्याही पायाशी नेऊन ठेवावी असे मला वाटत नाही. अशा माणसाला ‘नम्र’ म्हणता येईल. ‘लीन’ म्हटल्यास त्याच्यावर एक देव लादल्यासारखे होईल.

ओवीप्रेमी: नम्रालाही कोणीतरी समोर लागतेच. तुकोबा ‘नम्र झाला भूतां’ म्हणतात, म्हणजे सर्व प्राणिमात्रांपुढे, आणि लगेच ‘तेणें कोंडिलें अनंता’ असे सांगतात. वाकणाऱ्याने अनंतालाच कोंडून ठेवले, हे माझ्या मते श्रद्धेतले सर्वांत मोठे कोडे आहे आणि ते ‘नम्र’ या साध्या शब्दाने पेलले आहे.

जुनीपोथी: तरीही ‘मी नम्र आहे’ हे वाक्य कोणी मनापासून उच्चारू शकत नाही, कारण उच्चारताच ते खोटे होते. माझे वडील प्रत्येक पत्राखाली ‘आपला नम्र’ असे लिहीत, अगदी कडक शब्दांत खडसावलेल्या पत्राखालीसुद्धा. ‘मी त्याच्या चरणी लीन झालो’ हे मात्र भक्त सहज म्हणतो, कारण त्या वाक्यात त्याचे लक्ष स्वतःकडे नसते.

अक्षरयात्री: पण मी वर दिलेल्या वचनात येशू स्वतःविषयीच ‘मी लीन आहे’ म्हणतो, आणि तेथे कोणाचे चरण नाहीत. ते खोटे का वाटत नाही, हे मला आपल्या नियमाने उलगडत नाही. शिवाय बेनेडिक्टच्या सातव्या पायरीवर आपण सर्वांहून हीन आहोत असे जिभेने म्हणणे पुरत नाही, अंतःकरणानेही मानावे लागते. आणि बाराव्या पायरीवर तोच भाव शरीरात उतरतो, मान खाली जाते, नजर जमिनीकडे वळते. ‘नम्’ म्हणजे वाकणे, म्हणून बाराव्या पायरीला ‘नम्रता’ चपखल बसेल, पण सातवीला नाही.

तर्कनिष्ठ: मग ‘विनय’ घ्या. बौद्धांच्या विनयपिटकात भिक्षु-भिक्षुणींच्या शिस्तीचे नियम आहेत आणि जैन परंपरेत विनय हे आभ्यंतर, म्हणजे अंतर्मनाच्या, तपांपैकी एक आहे. आपण मठाचे नियम भाषांतरित करत आहात, भक्तिगीत नव्हे. विनय अंगी बाणवावा लागतो, त्याची वाट पाहत बसता येत नाही, आणि त्यासाठी देव मानलाच पाहिजे असेही नाही.

जुनीपोथी: मराठीत ‘विनय’ आता केवळ सभ्य वागणुकीपुरता उरला आहे. मनात तुच्छता बाळगूनही माणूस विनयाने बोलू शकतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा पाली अर्थ आजच्या वाचकाच्या मनात कसा जागा करणार?

ओवीप्रेमी: हाच न्याय लावला तर ‘लीन’चा बायबलमधला अर्थही चर्चबाहेरच्या वाचकाच्या मनात जागा होणार नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना पहिलेच ‘अमानित्व’ येते आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. मान नको असणे, एवढाच त्याचा नितळ अर्थ आहे.

तर्कनिष्ठ: मान नको असणे आणि स्वतःला हीन मानणे या माझ्या मते दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली मला हवीशी वाटते, दुसरी माणसाला मोडून टाकते, आणि धर्मांनी त्या दोन्ही एकाच नावाखाली शिकवल्या आहेत.

ओवीप्रेमी: सर्व धर्मांनी नव्हे. ‘अमानित्व’ आणि ‘दैन्य’ यांतला भेद आपल्या संतांना पुरता ठाऊक होता; त्यावर स्वतंत्रपणे लिहितो.