विज्ञान बरोबर केलं तर कथाच वाळून गेली, काय करावं?

काळी_माती (लातूर):
राम राम मंडळी. सहा महिन्यांपासून एक विज्ञानकथा लिहायलोय. लातूरकडच्या एका गावात एक बाई हवेतून पाणी काढायची मशीन बसवते आणि गावाचा टँकर बंद होतो, अशी गोष्ट. २०१६ ला मी लातुरात कॉलेजला होतो, पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलेलं, मग एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ते काही डोक्यातून जात नाही, त्यातूनच ही कथा निघाली. पहिला खर्डा दोन रात्रीत झाला, बहिणीला वाचून दाखवला तर तिच्या डोळ्यात पाणी आलं. मग एका इंजिनियर मित्राला दिला, तो म्हणला अरे मे महिन्याच्या हवेत एवढं पाणी असतंच कुठं. मग मी वाचत बसलो आणि दवबिंदू, सापेक्ष आर्द्रता, सुप्त उष्णता सगळं कथेत घातलं, चार पानं वाढली. आता मित्र म्हणतो बरोबर आहे, आणि बहीण म्हणती दादा हे नववीचं पुस्तक वाटायलंय. मला खोटं लिहायचं नाही, पाण्याबद्दल तर नाहीच, पण कथा मेली तर बरोबर असून काय करू? तुम्ही लोक कसं करता?

नांदेडचा_मास्तर:
मी फिजिक्स शिकवतो, म्हणून आधी हिशोब सांगतो, मग कथेचं बोलू. ४० डिग्री तापमान आणि २० टक्के आर्द्रता धरा, आपल्याकडची मेमधली दुपार. एका घनमीटर हवेत साधारण १० ग्रॅम वाफ असते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटर. म्हणजे अख्ख्या खोलीतली हवा पिळून काढली तरी पाव लिटरच्या थोडं वर पाणी, तांब्यासुद्धा भरत नाही. १५ लिटरच्या घागरीला अशा पन्नासाच्या वर खोल्या, तेही सगळंच्या सगळं निघालं तर, आणि तसं ते निघत नाही. शिवाय ती हवा १२-१३ डिग्रीच्या खाली नेल्याशिवाय थेंब पडायला सुरुवातच होत नाही. एक लिटर वाफेचं पाणी करायचं तर जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते, आणि ती जाते कुठं? मशीनच्या मागून गरम हवा होऊन बाहेर.
आता बघा, तुमची कथा इथंच बसलीय. मागच्या बाजूला कुणाचं घर आहे? मे महिन्यात रात्रंदिवस त्या घरावर झळा मारायल्यात आणि पाणी मात्र पुढच्या दारात. पहाटेचंही तसंच. हवेतली वाफ दुपारी होती जवळपास तेवढीच असते, पण हवा गार असल्यामुळं कमी थंड करावी लागते, मशीन पहाटे चांगली चालते. म्हणजे त्या बाईला चारला उठावं लागेल, जशी ती टँकरसाठी उठायची. ह्यातलं एकही वाक्य समजावून सांगायची गरज नाही, बाई उठली आणि शेजारीण भांडली की झालं. हिशोब तुमच्या वहीत राहू द्या.

उदगीरची_वाचक:
मास्तरांचं पटलं, पण थोडं वेगळं सांगते. मी विज्ञानकथा लई वाचते आणि मला अशक्य गोष्टीचा त्रास होत नाही. एक अशक्य गोष्ट लेखकाने मागितली तर मी देते. मशीनला लागणारी वीज कुठून आली हे नाही सांगितलं तरी मी पुढं वाचीन. राग येतो तो माणसं पुस्तकासारखी बोलायला लागली की. काका शास्त्रज्ञ आणि पुतण्या विचारतो 'काका, आर्द्रता म्हणजे काय हो?' आणि मग दोन पानं काका. दादा, तुमच्या गावात आर्द्रता कोण म्हणतं? हवेत ओल नाही म्हणतील, आभाळ कोरडं म्हणतील. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहतं हे आपल्या आज्ज्यांना शाळेत न जाता माहीत होतं, त्यांच्या तोंडी विज्ञान द्या की. तुमचा पहिला खर्डा फेकला नसेल तर तोच काढा, बहीण जिथं रडली ती जागा शोधा, आणि बाकीचं त्या जागेभोवती दुरुस्त करा. चार पानं काढून टाका, हळहळू नका.

नांदेडचा_मास्तर:
@उदगीरची_वाचक ताई, विजेवर मात्र मी अडणार. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट जाते हे प्रत्येक वाचकाला माहीत आहे, तो लगेच विचारणार. मागितलेली सूट वेगळी आणि लपवलेली वेगळी. छतावर सोलर दाखवलं तर पहाटे चालवायला बॅटरी लागते, आणि बॅटरी कर्ज काढून आणावी लागते. बघा, आणखी एक प्रसंग मिळाला.

औंढ्याकडचा (हिंगोली):
माझाही अनुभव टाकतो. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होणार आहे, गुरुत्वीय लहरी, म्हणजे दूर अवकाशात कृष्णविवरांसारख्या जड गोष्टी धडकल्या की अवकाशात उठणारे तरंग मोजायची, ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा. मी त्यावर कथा लिहिली, त्यात रात्रपाळीच्या वॉचमनला लहर ऐकू येते असं होतं. चूकच ती, लहर कानाला येत नाही, तिच्यामुळं भुजेच्या लांबीत पडणारा फरक अणूतल्या प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याएवढा. पण शोधताना कळलं की २०१५ साली पहिल्यांदा पकडलेल्या लहरीची कंपनं आपल्या कानाच्या टप्प्यातली होती, त्या नोंदीचा आवाज केला की चिवचिवल्यासारखा ऐकू येतो. मग वॉचमन तसाच ठेवला, फक्त कंट्रोल रूममधली पोरगी त्याला हेडफोन देते. पहिल्या खर्ड्यातल्या लहरीपेक्षा हे मला जास्त आवडलं, आणि हे मला स्वतःहून सुचलं नसतं. म्हणून मी म्हणतो चूक सापडली की लगेच स्पष्टीकरण लिहायला बसू नका, आणखी थोडं वाचा, खऱ्यात बरंचदा आपल्यापेक्षा चांगलं काहीतरी पडलेलं असतं.

काळी_माती (लातूर):
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री चार पानं काढली, लई जड गेलं. टँकर बंद होत नाही आता, गावाला पुरंल एवढं पाणी निघतच नाही, मशीन एका घरापुरती, आणि त्यामुळं कथा गावाची न राहता दोन बायांची झाली. सुरुवात अशी केलीय:
'पहाटे चारला मशीन घरघरली तशी पलीकडच्या कुडामागून सुलनबाई ओरडली, झाली का गं तुझी भट्टी सुरू. अनसूयानं उत्तर दिलं नाही. नळीच्या तोंडाशी एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. तिनं खाली तांब्या सरकवला आणि मांडी घालून बसली.'
बहिणीला पाठवलंय. तांब्या भरायला किती वेळ लावू मास्तर?

नांदेडचा_मास्तर:
मशीन लहान असेल तर उजाडेपर्यंत लावा. आणि सुलनबाईला त्यातलं अर्धं मागू द्या.