सरकीचे तेल परदेशी पाठवण्यासाठी एकदाच वापरायची स्वस्त टाकी

प्रश्न (धुळे): आमच्या गिरणीतले शुद्ध केलेले सरकीचे तेल न्हावाशेवा बंदरातून परदेशी पाठवायचे आहे. लोखंडी पिंपे परत येत नाहीत आणि त्यांची किंमत तेलावर चढते. एकदा वापरून मोडीत काढता येईल अशी टाकी कशी असावी?

उत्तर (जळगाव): भाऊ, आपण फ्लेक्सिटँकचा, म्हणजे कंटेनरच्या आत पसरून तेल भरायच्या मोठ्या लवचिक पिशवीचा, विचार करावा. २० फुटी कंटेनरमध्ये २०० लिटरची ८० पिंपे, म्हणजे १६,००० लिटर तेल बसते. या पिशवीत २४,००० लिटरपर्यंत जाते. आतले पॉलिइथिलीनचे थर गळती रोखतात आणि बाहेरचे विणलेल्या पॉलिप्रोपिलीनचे कवच ताण सोसते.

उत्तर (चाळीसगाव): वरील मताशी मी सहमत आहे, पण पिशवी तिच्या ठरलेल्या क्षमतेइतकीच भरावी, कारण अर्धवट भरली तर कसारा घाटाच्या उतारावर ब्रेक लागताच तेल हिंदकळते आणि सगळा धक्का पुढच्या भिंतीवर बसतो. भरण्याआधी कंटेनरमध्ये शिरून तळहाताने भिंती चाचपाव्यात. एखादा वर आलेला खिळा किंवा पत्र्याची धारदार कड पिशवी फाडायला पुरेशी असते. भिंतींना पन्हाळी पुठ्ठ्याचे अस्तर लावावे आणि दाराशी पोलादी आडव्या पट्ट्यांची मजबूत आडभिंत उभारावी, कारण दारे हा भार पेलण्यासाठी बनवलेली नसतात.

उत्तर (शिरपूर): माल थोडा असेल तर आत पिशवी घातलेली १,००० लिटरची पुठ्ठ्याची पेटी परवडते. मात्र दमट हवेत पुठ्ठ्याची ताकद घटते, म्हणून थरावर थर रचताना काळजी घ्यावी.