सोसायटी ग्रुप: रीमा लागू म्हणजे नुसती ‘सलमानची आई’ नव्हे

पाटीलकाका (सी-१०२): *फॉरवर्ड:* आज १८ मे. बॉलिवूडची लाडकी आई रीमा लागू यांचा स्मृतिदिन. सलमान, शाहरुख, संजय दत्त सगळ्यांची आई. भावपूर्ण आदरांजली 🙏🙏

सावंत (सेक्रेटरी): 🙏 टँकर साडेअकराला येतोय. गेटसमोरच्या गाड्या काढून घ्या.

अमृता (बी-४०२): 🙏 माझ्यासाठी मात्र त्या कायम सासूबाई देवकी. टीव्हीवर ‘तू तू मैं मैं’ लागलं की आईला कुकरच्या शिट्ट्यांचं भान राहायचं नाही. भात करपायचा.

रोहन (ए-३०१): ते काय होतं? मला ‘हम साथ साथ हैं’वालीच माहितीये. मीममध्ये असते ती.

नेनेकाकू (बी-५०१): झालं. मीम.

नेनेकाकू (बी-५०१): पाटीलभाऊ, राग नका मानू, पण हा फॉरवर्ड दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं. आई आई करून बाईंचं अर्धं काम आपण विसरून बसलोय. सिनेमातल्या आईला करायला असायचं काय? पूजेचं ताट, डोळ्यांत पाणी, मुलगा घर सोडून निघाला की दाराच्या चौकटीला धरून उभं राहायचं. त्यातही ती बाई खरी वाटायची, हे त्यांचं कसब. पण खुलल्या त्या टीव्हीवर, विनोदात. त्याचा या फॉरवर्डमध्ये एक शब्द नाही.

कुलकर्णीकाका (ए-२०४): शंभर टक्के. आमचं तर ‘श्रीमान श्रीमती’ने आयुष्य हराम केलं होतं. त्यातलं जोडपं कुलकर्णी, केशव आणि कोकिला. ऑफिसात शिरलो की सगळे एका सुरात, “काय कुलकर्णी, कोकी बरी आहे ना?”

कुलकर्णीकाकू (ए-२०४): आणि शेजारी प्रेमा शालिनी राहते का, असंही विचारायचे. शेजारी एक रिटायर्ड हेडमास्तर राहायचे. तरी हे गॅलरीत उभे असायचे ते असायचेच.

मीनल (सी-३०३): 😂😂 रोहन, तुझ्यासाठी थोडक्यात. दोन शेजारी जोडपी. केशव कुलकर्णी म्हणजे जतिन कनाकिया, त्याची बायको कोकिला म्हणजे रीमाताई. शेजारी सिनेनटी प्रेमा शालिनी, म्हणजे अर्चना पूरणसिंग, आणि तिचा नवरा दिलरुबा, म्हणजे राकेश बेदी. केशवचं लक्ष प्रेमाकडे, दिलरुबाचं कोकीकडे. दोघांनाही वाटतं आपली लबाडी कुणाला कळत नाहीये. १९९४ साली सुरू झाली.

रोहन (ए-३०१): हे तर आत्ताही चालेल. 

नेनेकाकू (बी-५०१): चालेल, पण मधे उभी राहणारी ती कोकी कुठून आणणार? त्या चौघांत तिघं फटाक्यांची माळ लावल्यासारखे. कनाकियांचा चेहरा, बेदींची लाडीगोडी, अर्चनाचा तोरा. आणि रीमाताई मधे साध्या, चारचौघींसारख्या. विनोदात शहाण्या माणसाची भूमिका सगळ्यांत अवघड असते. सगळे वेडेपणा करत असताना आपण चेहरा सरळ ठेवायचा आणि तरी हशा आपल्यालाही मिळाला पाहिजे. त्या काय करायच्या बघ. समोरचा थाप मारतोय, ह्या काहीच बोलत नाहीत. हातातलं काम चालूच. मग काम थांबतं. नजर वर येते, भुवई हलते न हलते, आणि मग एकच वाक्य, तेही आवाज न चढवता. ती जी मधली थांबण्याची जागा आहे ना, ती नाटकातून आली. नाट्यगृहात प्रेक्षक हसतात, तो हशा ओसरेपर्यंत नटाला वाक्य रोखून धरावं लागतं. सेटवर समोर प्रेक्षकच नाहीत. तिथे हशा किती वेळ टिकेल हे मनातल्या मनात धरून चालायचं. 

पाटीलकाका (सी-१०२): नाटकाचं बाळकडूच होतं की. आई मंदाकिनी भडभडे, ‘लेकुरे उदंड जाली’ नाटकातल्या. रीमा हे नाव नंतरचं, मूळच्या नयन भडभडे. आणि हे कोणी लिहीत नाही म्हणून सांगतो, त्या बँकेतल्या होत्या! युनियन बँक, १९७९ पासून १० वर्षांच्या आसपास. आंतरबँक सांस्कृतिक कार्यक्रमांत त्यांचं नाव होतं. आम्ही दुसऱ्या बँकेचे. आमचं नाटक पहिल्याच फेरीत गारद व्हायचं, त्यामुळे उरलेली सगळी नाटकं बघायला निवांत वेळ मिळायचा.

गोखलेआजी (बी-१०१): आमच्या हुजूरपागेची गो ती. पुण्याची.

सावंत (सेक्रेटरी): एमएच-१२ पांढरी स्विफ्ट कोणाची आहे? टँकर बाहेर उभा आहे.

मीनल (सी-३०३): डॉ. श्रीराम लागूंच्या पत्नी ना त्या?

पाटीलकाका (सी-१०२): नाही. डॉक्टरांच्या पत्नी दीपा श्रीराम. रीमाताईंचं लग्न विवेक लागूंशी झालं, १९७८ मध्ये. तेही बँकेतले आणि रंगभूमीवरचे. मुलगी मृण्मयी, तीसुद्धा याच क्षेत्रात.

कुलकर्णीकाका (ए-२०४): पुढे ते दोघं वेगळे झाले ना? काय झालं होतं नेमकं?

नेनेकाकू (बी-५०१): तो त्यांचा प्रश्न होता. आपण कामाबद्दल बोलू.

डॉ. फडके (ए-५०२): एक विरोधी मत मांडतो. ‘श्रीमान श्रीमती’ ठीक. पण ‘तू तू मैं मैं’ मला कर्कश वाटायची. सासू-सुनेची भांडणं दाखवून करमणूक, त्यात थोर काय? पुढे टीव्हीवर जो सासू-सुनांचा पूर आला, त्याची सुरुवात तिथेच झाली असं माझं मत.

अमृता (बी-४०२): डॉक्टर 😮

नेनेकाकू (बी-५०१): डॉक्टर, तुम्ही आवाज ऐकलात, भांडण नाही ऐकलंत. त्या भांडणात दोघी बरोबरीच्या होत्या. आज देवकीने सुनेला, राधाला चीत केलं तर उद्या राधा परतफेड करणार. कोणी सोशिक नाही, कोणी कपटी नाही. आणि बाहेरचं कोणी एकीला बोललं की दुसरी पदर खोचून पुढे. अहो, घरोघरी हेच असतं. २००० साली त्याच स्टार प्लसवर ज्या मालिका आल्या त्यांत सासू एक तर देवी, नाही तर नागीण. हसणारी सासूच गायब झाली. पूर आला तो देवकीमुळे नाही, देवकी गेल्यामुळे आला.

डॉ. फडके (ए-५०२): मुद्दा मान्य, आवाज अमान्य.

मीनल (सी-३०३): आणि सगळी टीमच आपली होती. दिग्दर्शक सचिन, सून सुप्रिया, सासरा कुलदीप पवार. आडनाव वर्मा, पण भांडणं अस्सल दादरच्या चाळीतली. “हिंदी आहे” म्हणून नाकं मुरडणारी माझी आजी ती मालिका मराठी समजूनच बघायची.

अमृता (बी-४०२): सुप्रियाताई आणि त्यांच्यात वयाचं अंतर किती असेल? आई-लेकी म्हणूनही शोभल्या नसत्या.

पाटीलकाका (सी-१०२): ९ वर्षं. रीमाताई जून १९५८, सुप्रिया ऑगस्ट १९६७. म्हणजे मालिका सुरू झाली तेव्हा ‘सासूबाई’ छत्तिशीत होत्या.

अमृता (बी-४०२): छत्तिशीत???? मी आत्ता ३६ ची आहे!

नेनेकाकू (बी-५०१): आता कळलं माझं डोकं का फिरतं? ‘कयामत से कयामत तक’मध्ये जुहीची आई झाल्या तेव्हा तिशीसुद्धा पुरती ओलांडली नव्हती. सलमान त्यांच्याहून ७ वर्षांनी लहान. संजय दत्त तर जेमतेम १ वर्षाने! १९९४ मध्येच ‘हम आपके हैं कौन’मध्ये माधुरीची आईसुद्धा त्याच. फिल्मफेअरला चार वेळा नामांकन, पुरस्कार एकदाही नाही. या वयाच्या नटाला तेव्हा नायिकेबरोबर बागेत गाणी मिळायची.

रोहन (ए-३०१): ‘वास्तव’ मी बघितलाय. शेवटी ती स्वतःच मुलाला गोळी घालते. तो सीन जबरदस्त आहे.

नेनेकाकू (बी-५०१): मी सगळ्या आयांना नावं ठेवत नाहीये रे. तिथे करायला काहीतरी होतं, त्यांनी करून दाखवलं. रंगभूमीवर तर त्याआधीच दाखवलं होतं. ‘पुरुष’मध्ये समोर नाना पाटेकर, आणि ही अंबिका त्याच्यापुढे तसूभर मागे सरत नाही. ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये अंगात दुसरीच बाई संचारलेली. ते बघून रात्री जिना चढायला भीती वाटायची. आणि तीच बाई काही वर्षांनी टीव्हीवर सुनेशी भांडून आपल्याला लोळवते. ज्याला घाबरवता येतं त्याला हसवताही येतं, असं नाही होत हो. फार थोड्यांना जमतं.

गोखलेआजी (बी-१०१): मराठीत पण आली होती ना तशी मालिका. त्या मानवा नाईकबरोबर.

मीनल (सी-३०३): हो आजी, ‘तुझं माझं जमेना’, झी मराठी, २०१३. पुन्हा सासूच. पण तोपर्यंत वयाने खऱ्या सासूइतक्या झाल्या होत्या, जरा ऐसपैस वाटायच्या. आणि गेल्या त्या वर्षी ‘नामकरण’ चालू होतं. आदल्या संध्याकाळपर्यंत शूटिंग करत होत्या. ५८ हे काय जायचं वय होतं?

कुलकर्णीकाकू (ए-२०४): त्यात खाष्ट आजी होत्या, दयावंती. मला ती आवडायची नाही. म्हणजे काम चोखच असणार.

सावंत (सेक्रेटरी): टँकर रिकामा झाला. संध्याकाळी ६ ते ७ पाणी सोडू. स्विफ्टवाल्यांनी कृपया ग्रुप वाचत जा.

सावंत (सेक्रेटरी): आणि इतकी उत्साही चर्चा मेंटेनन्सच्या विषयावर कधी झाली नाही, याची नोंद घेतो. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला अजून एकही नाव आलेलं नाही. १५ मिनिटांचा स्लॉट रिकामा आहे.

मीनल (सी-३०३): सासू-सुनेचं स्किट बसवू या! नेनेकाकू लिहितील.

नेनेकाकू (बी-५०१): लिहिते. पण एक अट. कोणी रीमाताईंची नक्कल करायची नाही. आणि सासू रडणार नाही.

कुलकर्णीकाकू (ए-२०४): मी सून होते.

मीनल (सी-३०३): काकू 😂 मी पण सून.

सावंत (सेक्रेटरी): सुना दोन झाल्या. सासू?

कुलकर्णीकाका (ए-२०४): सासरा तयार आहे. संवाद नसले तरी चालेल, सवय आहे.

अमृता (बी-४०२): मी करते सासू. वय बरोब्बर बसतंय.

सावंत (सेक्रेटरी): ठरलं. वाचन शनिवारी रात्री ९ ला क्लब हाउसमध्ये. येताना खुर्च्या आपापल्या आणा, तिथल्या चार मोडल्या आहेत.