हँडलचे टॉर्च आणि रेडिओ घ्यावेत का?

सचिव: नमस्कार. आपत्कालीन पेटीसाठी हँडल फिरवून चालणारे टॉर्च, रेडिओ आणि मोबाइल चार्जर घ्यावेत, असा प्रस्ताव आला आहे. कोणी वापरले असल्यास कृपया अनुभव कळवावा.

दुसरा मजला: सचिव महोदय, टॉर्च आणि रेडिओ अवश्य घ्यावेत, परंतु मोबाइलसाठी हँडलवर विसंबून राहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मोबाइलची ४००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी भरायला सुमारे १५ वॅट-तास ऊर्जा लागते, म्हणजे ५ वॅटच्या गतीने क्षणभरही न थांबता फिरवत राहिले तरी ३ तास, आणि वाटेतली गळती धरली तर त्याहून जास्त. याउलट ३ वॅटने मिनिटभर फिरवले, तर अर्ध्या वॅटचा एलईडी हिशेबाने ६ मिनिटे चालतो. प्रत्यक्षात थोडा कमी चालेल, पण अंधारात जिना उतरायला तेवढा उजेड पुष्कळ झाला. रेडिओला तर याहूनही कमी वीज लागते.

तिसऱ्या मजल्यावरील काकू: आमचा टॉर्च दोन वर्षे कपाटात पडून होता. गरजेच्या रात्री हात फिरतो आहे तोवरच उजेड, हात थांबला की अंधार, अशी त्याची गत झाली. मग सेल लागत नाहीत म्हणून सांगतात, त्याला काय अर्थ?

दुसरा मजला: काकू, तुमचा डायनॅमो शाबूत आहे, आतला सेल गेला आहे. अशा बहुतेक टॉर्चमध्ये चार्ज होणारा छोटा सेल असतोच, आणि तो महिनोन्‌महिने रिकामा राहिला की निकामी होतो. माझा बंद पडलेला टॉर्च मी उघडला, तेव्हा दातेरी चक्रे, चुंबक, तांब्याच्या तारेचे वेटोळे सगळे नव्यासारखे होते. फक्त सेलच्या कडेला पांढरी भुकटी जमली होती. इंग्लंडच्या ट्रेव्हर बेलिस यांना १९९१ मध्ये आफ्रिकेतील एड्सच्या प्रसारावरील कार्यक्रम पाहताना चावीच्या रेडिओची कल्पना सुचली. त्या रेडिओत ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठत असे, त्यामुळे सेल मरण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याला मिळतील त्या टॉर्चना मात्र अधूनमधून फिरवावे लागेल.

सचिव: ही जबाबदारी कोण घेईल?

दुसरा मजला: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रत्येक टॉर्च पाच मिनिटे फिरवीन. खरेदीच्या वेळी हँडलचा सांधा तेवढा हाताने हलवून पाहावा, कारण प्लास्टिकचा असेल तर तो लवकर तुटतो.

काकू: मीही येते.